कोठीच्या बुडाशी

जिजाआत्या कादंबरी वाचायची तेव्हा त्यात समुद्र नसायचा. छापलेल्या पानावर असला तरी तिच्या तोंडून वैनगंगाच यायची. मुंबईचं गोंदिया व्हायचं, इन्स्पेक्टरचा ठाणेदार व्हायचा, आणि कुणी साहेब गच्चीवर कॉफी पीत बसला असेल तर तो बिचारा ओसरीवर बसून चहात टोस्ट बुडवायचा. एकदा तिने एका खुन्याला खुनानंतर आंबाडीची भाजी आणि भात जेवू घातला होता. तेव्हा ऐकत बसलेल्या प्रेमलताकाकूंनी बिड्यांचं सूप खाली ठेवून विचारलं, की खून करून आलेल्या माणसाले भूक लागते का वो?

"लागते," जिजाआत्या म्हणाली. "हात धुतले का लागते."

आमच्या वॉर्डातल्या बाया दुपारी तिच्या अंगणात सीताफळाच्या झाडाखाली बिड्या बांधायला बसतात. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला ओल्या पोत्यात गुंडाळलेला तेंदूपत्ता. या कामात हात अडकतात, डोळे अडकतात, कान तेवढे मोकळे राहतात. मोबाइलवरची मालिका त्यामुळे कामाची नाही; तिच्याकडे बघावं लागतं. म्हणून मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या या एका अंगणात अजून कुणीतरी मोठ्याने वाचतं आणि बाकीच्या ऐकतात. वाचणारीचे हात पुस्तकात गुंतलेले, तिच्या बिड्या कोण बांधणार? तर प्रत्येक बाई उठताना आपल्यातल्या थोड्या तिच्या सुपात टाकून जाते. संध्याकाळी ठेकेदाराचा माणूस येतो तोवर वाचणारीचं सूपही इतरांइतकंच भरलेलं असतं.

वाचणारी म्हणजे जिजाआत्याच. आम्ही सगळे इथल्या हिंदी शाळांत शिकलो. मराठी बोलतो, पण छापील मराठी पुढे आली की ठेचकाळतो. जिजाआत्या, सगळ्या वॉर्डाची आत्या, लग्न होऊन आली गोंदियाकडून, अकरावीपर्यंत मराठीत शिकून. तिचा नवरा, आमचे पुनारामफुफा, गेल्यावर तर तिच्या घरात तीच आणि तिची पुस्तकं, गोंदियाच्या रद्दीवाल्याकडून वजनावर आणलेली. त्यातली बहुतेक खुनाची. प्रेमाच्या गोष्टीत बाया झोपतात, ती म्हणायची.

मी नागपूरला नाटक शिकून परत आले होते. हाताला काम नव्हतं, म्हणून दुपारी तिच्या शेजारी बसायचे. एकदा मी तिला म्हटलं की आत्या, लेखकाने लिहिलंय तसंच वाचून पाहा ना कधी. तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"लेखक इथं बिड्या बांधून नाही राह्यला, दीपिका. ज्याच्यापुढं वाचाचं त्याच्या घरातलं सामान गोष्टीत पाह्यजे. नाही तं ते नुसते ऐकतात. पाहत नाहीत."

तीन वर्षं शिकूनही हे मला इतक्या थोडक्यात कुणी सांगितलं नव्हतं. मला ते फार आवडलं. तेव्हा त्यातली धार मला दिसली नाही.

आता आम्रपालीबद्दल सांगायला हवं. ती पवनची बायको, माहेर कटंगीचं. अंगाने बारीक आणि उंचीने इतकी लहान की दोरीवर कपडे टाकायला पाट घ्यायची, आणि त्यावरून अंगणात रोज कुणीतरी तिची मजा करायचं. ती हसायची, बोलायची नाही. बिड्या मात्र तिच्यासारख्या कुणाच्या नव्हत्या, सगळ्या एका मापाच्या.

पवनचं नाक्यावर ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान. वॉर्डातल्या एकूण एक बाईचं पेन्शन, रेशन, आधार त्याच्या हातून गेलेलं. कुणाचा अंगठा मशीनवर उमटत नसला तर तो आपल्या रुमालाने तिचं बोट पुसायचा, फुंकर घालायचा, पुन्हा ठेवायचा. आवाज कधी चढलेला मी ऐकला नाही. असा माणूस दुपारी दुकान सोडून अंगणाच्या फाटकात यायचा आणि बायकोपुढे तिचा मोबाइल धरायचा.

"हा घे. चुलीमागं ठेवलता."

कधी तिची चप्पल, कधी पिशवी, कधी डोळ्यांत घालायचं औषध. तिचं काही ध्यानात राहत नाही जी, तो आम्हाला सांगायचा, हसत, जसं लहान मुलाबद्दल सांगतात. तो गेला की प्रेमलताकाकू म्हणायच्या की माहा नवरा मी हरवली तं शोधणार नाही, अन् हा बायकोची पिन शोधून आणते. सगळ्या हसायच्या. आम्रपाली मोबाइल मांडीखाली दाबून ठेवायची, आणि मधूनमधून तिथेच आहे ना म्हणून हात लावून बघायची.

पुढची गोष्ट मला नंतर कळली. पण ती घडली आधी, म्हणून आधीच सांगते.

थंडी सरत आली होती. एक दिवस बाकीच्या बाया यायच्या आधीच आम्रपाली जिजाआत्याकडे आली. दोघी पत्ता भिजवत होत्या. आम्रपालीने मान खाली घालूनच बोलायला सुरुवात केली. तिच्या पेटीची किल्ली बरेच दिवस सापडत नव्हती. पेटीत काही मोठं नव्हतं, माहेरची दोन लुगडी, आईचा एक फोटो. पवन रोज तिला विचारायचा, आठव बरं, कुठं ठेवली. इतक्या मायेने विचारायचा की तिला रडू यायचं. आणि आज तिने तांदळाची कोठी धुवायला म्हणून आडवी केली, तर बुडाशी किल्ली.

"आत्या, कोठी भरल्यावर बी मी पेटी उघडलती. म्हणजे किल्ली भरलेल्या कोठीत गेली. वरून पडली असती तं तांदूळ काढताना भेटली असती, ही बुडाशी खुपसली. अन् माहा हात बुडाले पुरत नाही वो. तांदूळ खाली गेले का मी ग्लासाले काडी बांधून काढते."

"मंग?"

"त्याचा पुरते."

जिजाआत्या भिजलेलं पान हातात घेऊन बसली. पवनने तिच्या पेन्शनचा कागद आठवड्याभरापूर्वीच करून दिला होता. पाहू, एवढंच ती म्हणाली. आम्रपालीने तिला शपथ घातली नाही, कुणाला सांगू नका असंही म्हटलं नाही. जिजाआत्याला सांगितलं म्हणजे ठेवायला दिलं, असं तिला वाटलं असावं.

त्यानंतर मी नागपूरला एका मैत्रिणीच्या लग्नाला गेले आणि येताना एक कादंबरी घेऊन आले. मराठीच, पण मोठ्या शहरातली. खून शेवटी होता. त्याआधी सगळं डोक्यातलं. एक श्रीमंत नवरा बायकोला हळूहळू पटवून देतो की तिचं मन फिरत चाललंय. वस्तू जातात, भलत्या ठिकाणी सापडतात. डॉक्टर, नोकर, शेजारी सगळे नवऱ्याच्या बाजूने, कारण तो सगळ्यांशी गोड. आम्रपालीचं काही मला माहीत नव्हतं. मी पुस्तक उचललं ते पाठीवरचा मजकूर बरा वाटला म्हणून.

जिजाआत्याने पहिलं प्रकरण वाचलं आणि नेहमीप्रमाणे घर सजवलं. नवरा गोंदियातला राईसमिलवाला झाला. बंगल्याला ओसरी आली. बायकोला तिने काहीच नाव दिलं नाही, नुसतं 'ती बाई'. बाया एकदम गोष्टीत शिरल्या. याआधी खुनी ओळखायचा असायचा. इथे खुनी पहिल्या पानापासून समोर होता आणि तरी कुणी त्याला धरत नव्हतं. प्रेमलताकाकू रोज त्याला नवीन शिवी द्यायच्या. आम्रपाली ऐकायची, तिच्या बिड्या एका मापाने सुपात पडत राहायच्या.

मग ते प्रकरण आलं. मी आत्याच्या खांद्याला खांदा लावून बसले होते, पान मला दिसत होतं. पानावर असं होतं, की बाईच्या गोळ्यांची बाटली कपाटाच्या सर्वांत वरच्या फळीवर सापडते, स्टुलाशिवाय तिचा हात तिथे पोचत नाही, आणि स्टूल तर दुरुस्तीला गेलेलं असतं. आत्याने ते डोळ्यांनी वाचलं. क्षणभर थांबली. कपाट, फळ्या, स्टूल, यातलं काहीच अंगणात कुणाच्या घरी नव्हतं. मग तिने पुस्तकावरून नजर उचलली आणि सांगायला लागली.

"त्या बाईनं तांदळाची कोठी धुवाले काढली. आडवी केली. तं बुडाशी काय, तिच्या पेटीची किल्ली. बाई पाहतच राह्यली. कोठीत हात घालून पाह्यला. खांद्यापर्यंत घातला. बोटं बुडाले लागतच नाहीत."

आणि तिने खरंच आपला हात हवेत खाली सोडला, बोटं ताणून. मी थक्क झाले. फळीपेक्षा कोठी किती चांगली. वर न पोचणारा हात कुणीही दाखवेल. खाली, अंधारात चाचपडणारा हात बघणारीला स्वतःचा वाटतो. मी मनातल्या मनात टाळी वाजवली, आज ते सांगायलाही नको वाटतं.

आम्रपालीचे हात थांबले होते. अर्धी वळलेली बिडी बोटांत उलगडली, तंबाखू सुपात सांडला. मला वाटलं, गोष्टीचा परिणाम.

त्यानंच टाकली, प्रेमलताकाकू म्हणाल्या. बाकीच्याही म्हणाल्या, त्यानंच. त्यानंच, दुसरं कोन. अंगणभर ते फिरलं. आम्रपालीने एकेकीच्या तोंडाकडे पाहिलं. मग तिने, त्या अंगणात पहिल्यांदाच, प्रश्न विचारला.

"मंग तिचं कोनी ऐकलं का?"

"ऐकतीन," जिजाआत्या म्हणाली. "अर्धं पुस्तक बाकी हाय अजून."

त्या रात्री आत्याला झोप लागली नाही, असं ती मला पुढे म्हणाली. सांगताना कळलंच नाही, की आपण कुणाच्या घरातलं सामान उचललं. तोंडून गेल्यावर कळलं. पण तिला असंही वाटलं, की बरंच झालं. आम्रपालीची बाजू सगळ्यांनी घेतली, नाव न घेता का होईना.

आम्रपालीलाही तसंच वाटलं. इतक्या जणी एका तोंडाने 'त्यानंच' म्हणाल्या, ते तिने खरं धरलं. त्याच आठवड्यात ती पवनला बोलली. किल्ली तूच टाकलती, बुडाशी, माहा हात पुरत नाही. पवन ओरडला नाही. त्याने तिला पाणी दिलं म्हणे. मग ती शेजारी सांगायला गेली, तिथून पुढच्या घरी. आणि ज्या बायांनी अंगणात शिव्या घातल्या होत्या, त्या दारात उभ्या राहून तिच्याकडे चमत्कारिक बघायला लागल्या. कारण कोठी, किल्ली, न पुरणारा हात हे सगळं त्यांनी ऐकलेलं होतं. राईसमिलवाल्याच्या गोष्टीत.

पवनने दुकानावर आलेल्या बायांना विचारलं, की कोणतं पुस्तक वाचून राह्यले वो तुमी? बायांनी हौसेने सांगितलं. फॉर्म भरता भरता त्याने सगळी कादंबरी ऐकली. जिथे हसायचं तिथे हसलाही.

रविवारी सकाळी विहारात वंदना झाली, की लोक लगेच उठत नाहीत. वॉर्डाचं काही असेल तर ते तिथेच बोलतात. त्या रविवारी पवननेच विषय काढला. दुलीचंदकाका, आमच्यातले सगळ्यांत वडीलधारे, मध्ये बसले होते. कटंगीहून आम्रपालीचा भाऊ रवी आला होता. त्याला पवननेच फोन करून बोलावलं होतं. पवन म्हणाला, मला कुणाची तक्रार करायची नाही, तिची तब्येत तेवढी बघा.

आम्रपाली उभी राहिली. मी नाटकात कितीतरी जणांना उभं राहताना पाहिलंय, पण इतक्या लहान अंगाने इतकं सरळ उभं राहिलेलं माणूस पाहिलं नाही. तिने कोठी सांगितली. किल्ली सांगितली. मग आपला हात खाली सोडला, बोटं ताणून. आणि मला दिसलं, की तो हात लोकांनी ओळखला. पण आम्रपालीचा म्हणून नाही, जिजाआत्याचा म्हणून. ज्याची नक्कल होती तेच नक्कल ठरलं.

"हे तुमी पहिले ऐकलं हाय ना?" पवनने हळूच विचारलं. "कुठं ऐकलं?"

मग प्रेमलताकाकू चटईकडे बघत म्हणाल्या, "पुस्तकात."

तेव्हा जिजाआत्या उठली. कादंबरी तिने पिशवीतून आणली होती. आयुष्यात पहिल्यांदा तिने छापील वाक्य जसंच्या तसं वाचलं: बाटली, वरची फळी, स्टूल. वाचताना तिचा आवाज परक्या बाईसारखा येत होता. दुलीचंदकाकांनी विचारलं, म्हणजे पुस्तकात किल्ली नाहीच? नाही, ती म्हणाली, मी घातली. मग ती तुम्ही आणली कुठून?

"हिनं सांगतलं होतं मले. पुस्तक यायच्या पहिले."

ते ऐकायला दुसरं कुणी होतं का? नव्हतं. मी उभी राहून सांगितलं, की पान वेगळं होतं, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. काका मान हलवून म्हणाले, हौ बेटा, पान वेगळं हाय, ते दिसतेच. पण आम्रपालीनं सांगतलं तवा तू होती का? नव्हते.

पवन आत्याकडे वळला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. जुन्या माणसाशी लाडाने बोलावं तसा तो बोलला.

"आत्या, तुमी समुद्राची वैनगंगा करता. तुमच्या गोष्टीत साहेब आंबाडीची भाजी खाते. आता आज तुमी जसं झालं तसं सांगून राह्यल्या का बदलून, हे आमी कसं ओळखाचं?"

लोक हसले. कुचेष्टेने नाही. प्रेमानेच हसले, आत्यावर सगळ्यांचं प्रेम होतं. त्या हसण्याने सगळं संपलं. नंतर दुलीचंदकाकांनी आम्रपालीला एकच विचारलं, की बेटा, असं करून त्याले काय भेटन? घर त्याच्याच नावावर, दुसरी बाई नाही, दारू नाही. आम्रपालीने बराच वेळ विचार केला. विचार करताना ती पुन्हा लहान झाली.

"मले काय मालूम," ती म्हणाली.

कुणी तिला वेडी म्हटलं नाही. थकली असन, माहेरी आराम करू दे, असं ठरलं. दुपारच्या बसने रवी तिला घेऊन गेला. पवन बॅग घेऊन स्टँडपर्यंत गेला. मी आणि आत्याही गेलो होतो. बस हलताना त्याने खिडकीतून हात आत घातला.

"चार्जर विसरून चालली होती."

आम्रपालीने तो घेतला आणि मांडीखाली दाबून ठेवला.

दुसऱ्या दिवशी बाया अंगणात आल्या. आल्याच; बिड्या कुठेतरी बांधायच्याच असतात. पत्ता कापायला बसल्या. मग कुणीतरी म्हणालं, पुढचं वाचा ना वो, त्या बाईचं काय झालं. जिजाआत्याने पुस्तक उघडलं आणि लेखकाने लिहिलं होतं तसं वाचायला लागली. समुद्र आला तर समुद्र म्हणाली. बंगला, लॉन, स्टडी रूम, सगळी छापील नावं जशीच्या तशी. राईसमिलवाला कुठे गेला ते बायांना कळेना. हा कोन होय, अन् ही कोन, प्रेमलताकाकू विचारत राहिल्या. "पुस्तकात लिहिलं हाय ते हाय," आत्या म्हणाली. आठवडा संपेपर्यंत दोघी-तिघी दुसऱ्या अंगणात जायला लागल्या. ज्या राहिल्या त्या जाताना तिच्या सुपात बिड्या टाकायच्या, पण डोळे न उचलता. मग एक दिवस ती पुस्तक बाजूला ठेवून स्वतःच पान कापायला बसली, आणि आपलं सूप आपणच भरायला लागली. शेवटची प्रकरणं तिने एकटीने वाचली.

पुस्तक परत द्यायला आली तेव्हा मी विचारलं, कसं वाटलं?

ती ओट्यावर टेकली. वाचलेल्या प्रत्येक पुस्तकाबद्दल तिला काहीतरी म्हणायचं असतं, आणि ते ती घाई न करता म्हणते.

"लिहिणारा हुशार हाय," ती म्हणाली. "गोड माणूस कसा अस्ते ते त्याले मालूम हाय. पण शेवट खोटा लिहिला त्यानं. शेवटी एक पोलीसवाली येते, अन् त्या बाईचं सारं ऐकते. पहिल्या झटक्यात. काहून ऐकते? पानं संपत आली म्हणून."

मी तिच्याशेजारी ओट्यावर बसले.

"अन् त्या नवऱ्याले विम्याचा पैसा पाह्यजे होता म्हणते. म्हणून त्यानं केलं. पैसा सापडला का लोकाइले पटते. पण ज्याले काहीच नको अस्ते त्याचं काय?"

"मग पवनने कशासाठी केलं?"

"त्याले बरं वाटत असन. कोनी पाणी प्यायच्या पहिले बी त्याच्याकडे पाहावं, असं." ती पुस्तकाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. "हे पुस्तकात लिहिता येत नसन. कोनी घेणार नाही."

मग तिने मला विचारलं, बाजाराच्या दिवशी कटंगीला येतेस का.

रवीचं घर बाजाराच्या मागे आहे. आम्रपाली दारात आली, आम्हाला पाहून हसली, आणि मग मागे वळून वहिनीला विचारलं, खाट टाकू का? खाट टाकली. पाणी देऊ का? दिलं. पेला कुठं ठेवू? वहिनी भली बाई होती. ती प्रत्येक वेळी हौ म्हणत होती. आम्रपालीची पेटी कोपऱ्यात होती. किल्ली वहिनीच्या कमरेला. तिनंच देऊन ठेवली म्हणे, आपल्याकडून हरवते म्हणून.

वहिनी बाजाराला गेल्यावर आम्रपाली आत्याच्या पायाशी बसली. तिच्या हातांना काही काम नव्हतं आणि ते तिला कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं.

"आत्या, खरं सांगा. किल्ली मीच टाकलती का?"

जिजाआत्याने तोंड उघडलं. मी तिला ओळखते. तिच्या जिभेवर दहा गोष्टी आल्या असतील. पवन कसा वाकला असेल, खांद्यापर्यंत हात कसा घातला असेल, बाहेर काढल्यावर तांदळाचं पीठ कसं झटकलं असेल. त्यातली एक जरी तिने सांगितली असती तरी आम्रपालीला ती दिसली असती. आत्याने तोंड मिटलं. मग पुन्हा उघडलं.

"तू मले सांगतलं तवा पुस्तक आलं नव्हतं. तुहा हात कोठीच्या बुडाले पुरत नाही."

एवढंच. ना हात हवेत, ना आवाजात चढउतार.

आम्रपाली ऐकत राहिली. "पुन्हा सांगा," ती म्हणाली.

आत्याने तीच दोन वाक्यं पुन्हा सांगितली. आम्रपालीचे ओठ तिच्याबरोबर हलत होते, पाठांतर करणाऱ्या मुलासारखे.

आता बाजाराच्या दिवशी जिजाआत्या सकाळच्या बसने कटंगीला जाते. पवनचं दुकान चालू आहे. या वर्षीचा तिच्या पेन्शनचा कागद त्याच्याकडेच करावा लागला, आणि त्याने तो नीट करून दिला, आम्रपालीची तब्येत विचारली. अंगणात कुणी वाचत नाही. प्रेमलताकाकूंनी मोबाइलवर काहीतरी ऐकायचं लावलंय, तेही चांगलं असतं म्हणतात.

गेल्या खेपेला मी पुन्हा तिच्याबरोबर गेले. आम्रपाली खाटेजवळ बसली आणि वाट बघायला लागली. आत्या बसमधल्या उन्हाने दमली होती. तिने बसल्याबसल्या म्हणून टाकलं, की तू सांगतलं तवा पुस्तक आलं नव्हतं, अन् तुहा हात कोठीच्या तळाले पुरत नाही.

आम्रपालीचा चेहरा बदलला.

"मागच्या बाजाराले बुडाले म्हणलं होतं," ती म्हणाली. "आज तळाले म्हणलं."

एकच गोष्ट दोनदा सारखी न सांगितलेली जिजाआत्या पदराने घाम पुसून सरळ बसली. तिने पेला खाली ठेवला, दोन्ही हात मांडीवर घेतले, आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

"तू मले सांगतलं तवा पुस्तक आलं नव्हतं," ती म्हणाली. "तुहा हात कोठीच्या बुडाले पुरत नाही."